या गौरी-गणपतीला फोटोत तुम्हीही या

(आषाढातल्या मासिक बैठकीत कामकाज संपल्यावर आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. बऱ्याच जणींनी "हे लिहून द्या" म्हटलं, म्हणून इथे छापत आहोत.)

तायांनो, मावश्यांनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो,

हजेरी झाली, बचत गोळा झाली, परतफेडीचा हिशेब झाला, मागच्या बैठकीचं इतिवृत्तही वाचून झालं. बाहेर पाऊस आहे, तो उघडेपर्यंत कुणी घरी जात नाही हे मला माहीत आहे. तेवढ्या वेळात माझं थोडं ऐका. आज कर्जाचं नाही, विम्याचं नाही. आज मी घरच्या फोटोबद्दल बोलणार आहे. हसताय ना? हसा. पण शेवटपर्यंत ऐका.

गेल्या वर्षी आपल्या एका गटातल्या काकू वारल्या. तुमच्यातल्या बऱ्याच जणी त्यांना ओळखायच्या. दहाव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडं आईचा एखादा फोटो असंल का?" मला आधी कळेचना. घरात चार फोन. त्याच्या एकट्याच्या फोनमध्ये शेकडो फोटो. नातवाचा वाढदिवस, पोळ्याचे बैल, नवी मोटारसायकल, धबधब्याखालची पोरं. काकू कशातच नव्हत्या. फोटो निघायचे तेव्हा त्या आत पोळ्या लाटत असायच्या. आधार कार्डावर एक फोटो होता, पण तो मोठा केला तर ओळख पटेना.

मग मी माझ्याकडचे बैठकीचे फोटो काढून बसले. अहवालाला लावायला मी दर महिन्याला एक काढते. वर्षभराच्या फोटोंत काकू एकाच फोटोत सापडल्या. मागच्या ओळीत, पुढच्या ताईच्या खांद्याआड, अर्धा चेहरा. तोही भर दुपारच्या उन्हात काढलेला, त्यामुळे डोळ्यांच्या जागी नुसती काळी सावली. स्टुडिओवाल्याने तोच कापून मोठा केला. आज त्यांच्या घरात हार घातलेला फोटो तोच आहे.

यात माझीही चूक आहे, ती तुमच्यासमोर सांगते. त्याच्या आधी एकदा मी अंगणात फोटो काढत होते. काकू बाजूला सरकल्या. म्हणाल्या, "माझा नगं गं बाई, हात शेणाचं हायेत. पुढच्या टायमाला." मी "बरं" म्हणाले आणि बाकीच्यांचा काढला. अहो, फोटोत हात येणारच नव्हते! एवढं म्हणायला मला सुचलं नाही. पुढची वेळ आलीच नाही.

म्हणून आज हा विषय घेतला. महिन्या-दीड महिन्यात गौरी-गणपती येतील. मुंबई-पुण्याची पोरं, सुना, नातवंडं घरी येतील. अख्खं घर एका जागी असण्याचे वर्षातले ते दोन-चार दिवस. आणि त्या दिवसांत आपल्याकडे आभाळ भरलेलं असतं. मग कुणीतरी म्हणतंच, "ऊन न्हाई, फोटू काय चांगला यायचा न्हाई, दिवाळीला काढू." आणि राहून जातं.

खरं सांगू? घरच्यांचा फोटो काढायला ढगाळ दिवस उन्हाच्या दिवसापेक्षा चांगला. कसा, ते सांगते.

ढगात उजेड चांगला का?

रात्री घरात एकच उघडा बल्ब असेल तर भिंतीवर सावली कशी पडते? काळी, कडक, रेघ मारल्यासारखी. त्याच बल्बच्या पुढे पांढरं फडकं धरलं तर सावली मऊ होते. सूर्याचंही तसंच. ऊन एका छोट्या जागेतून येतं, म्हणून नाकाची सावली ओठावर पडते, टोपीची कपाळावर पडते, आणि सगळ्यांचे डोळे बारीक होतात. ढग आले की ते मोठ्या पांढऱ्या फडक्याचं काम करतात. सगळं आभाळच दिवा होतं. उजेड सगळ्या बाजूंनी, सारखा, मऊ येतो.

याचा फायदा बघा. उन्हात आजोबांची टोपी आणि सदरा पांढराफटक होतो आणि चेहरा काळवंडतो. ढगाळ दिवशी टोपीही दिसते, चेहराही दिसतो. गोरी सून आणि सावळी लेक शेजारी उभ्या राहिल्या तरी दोघी नीट दिसतात. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मऊ दिसतात. लहान पोरं डोळे मिचकावत नाहीत. आणि ऊन कुठल्या बाजूला आहे म्हणून पन्नास माणसं इकडून तिकडे हलवत बसावी लागत नाहीत.

पण ढगाळ उजेडाच्या तीन खोड्याही आहेत. त्या कळल्या की झालं.

पहिली खोड: उजेड वरून येतो. त्यामुळे डोळ्यांखाली हलकी सावली राहते आणि माणूस दमलेला दिसतो. त्यावर सोपा उपाय आपल्या घरातच आहे, आपली पडवी. घरच्यांना पडवीच्या कडेपासून एक-दोन हात आत, अंगणाकडे तोंड करून उभं करा, आणि तुम्ही अंगणातून फोटो काढा. वरचा उजेड पत्रा अडवतो आणि समोरचा उजेड थेट चेहऱ्यावर येतो. लगेच फरक दिसेल. फार आत मात्र नेऊ नका, तिथे अंधार होतो. पडवी नसेल तर सगळ्यांना हनुवटी जराशी वर करायला सांगा. आणखी एक करा. त्यांच्या पायांपुढे, फोटोत दिसणार नाही अशा बेताने, जमिनीवर पांढरी चादर किंवा खताची रिकामी पांढरी गोणी पसरा. तिच्यावरून उजेड उलटून चेहऱ्यावर येतो. करून बघा, पटेल.

दुसरी खोड: आभाळ पांढरंशुभ्र असतं. माणसांच्या मागे ते आभाळ आलं की फोन फसतो. त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो सगळा फोटो काळा करतो आणि माणसांच्या नुसत्या आकृत्या उरतात. म्हणून मागे आभाळ घेऊ नका. मागे घराची भिंत घ्या, दार घ्या, भाताचं खाचर घ्या, कुडाची भिंत घ्या. बांधावर फोटो काढायचा असेल तर तुम्ही थोड्या उंच जागी उभ्या राहा, म्हणजे मागे आभाळाऐवजी हिरवं रान येईल. तरीही चेहरे काळे वाटले तर फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा. बऱ्याच फोनमध्ये बाजूला छोटा सूर्य दिसतो, तो हळूच वर सरकवला की उजेड वाढतो. थोडाच सरकवा.

तिसरी खोड: उजेड कमी असतो. त्यामुळे हात हलला किंवा पोरगं हललं की फोटो पुसल्यासारखा येतो. काळं आभाळ दाटून आलं असेल तर जरा थांबा, पांढरं होऊ द्या. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात काढा, दिवे लागायची वाट बघू नका. कोपरं पोटाशी घट्ट धरा, नाहीतर खांबाला टेका. आणि फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशने पुढच्यांचे चेहरे चमकतात आणि मागचे अंधारात जातात.

एक सावधगिरी. पाऊस भुरभुरतोय म्हणून सगळे आंब्याखाली, जांभळाखाली जाऊन उभे राहतात. तिथे नको. ढगाळ दिवशी झाडाखाली अंधार असतो आणि पानांमुळे चेहऱ्यांवर हिरवट झाक येते. झाडाच्या बाहेर उभं राहा, झाड मागे दिसू दे.

फोन हातात घेतल्यावर

सगळ्यात आधी काच पुसा. आपण फोन कुठल्या हाताने उचलतो? तेलाच्या, पिठाच्या. काचेवर बोट लागलेलं असलं की सगळा फोटो धुक्यात काढल्यासारखा येतो. पदराचा कोरडा, स्वच्छ कोपरा घेऊन पुसा. पावसाचा थेंब बसला तरी पुन्हा पुसा.

माणसं जास्त असतील तर फोन आडवा धरा. पाच-सहा पावलं मागे जा. अगदी जवळून काढला की कडेची माणसं ताणल्यासारखी, जाड दिसतात, आणि मग सूनबाई वर्षभर बोलत नाही! दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा सोडा. बोटांनी ओढून मोठं करू नका, त्याने फोटो फाटतो. स्वतः पावलं टाका. फोन बसलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा किंचित वर असला की पुष्कळ.

माणसं कशी बसवायची?

शाळेच्या प्रार्थनेसारखी सरळ रांग नको. आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला खुर्चीवर बसवा. मग बाकीचे त्यांच्याभोवती गोळा करा. मागचे पायरीवर चढू देत, पोरं मांडीवर किंवा खाली जमिनीवर. खांद्याला खांदा लागू दे. आपल्याकडे दीर-भावजय, सासू-सून अंतर ठेवून उभे राहतात आणि फोटोत मध्ये खिंडी दिसतात. एकेक पाऊल आत या म्हणावं. डोक्यावर पदर ज्याला घ्यायचा त्याने जरूर घ्यावा, फक्त तो कपाळावर पुढे नको. ढगाळ दिवशी पुढे आलेला पदर अख्ख्या चेहऱ्यावर सावली टाकतो.

कपडे नवेच हवेत असं काही नाही. आभाळ भरलं की सगळं थोडं निळसर, मळकट दिसतं. लाल, पिवळी, डाळिंबी, मोरपंखी अशी लुगडी-साड्या उठून दिसतात. कपाटातली जुनी इरकल काढा ना.

डोळे मिटण्यावर युक्ती सांगते. सगळ्यांना डोळे मिटायला सांगा. "एक, दोन, तीन" म्हणा आणि तीनला उघडायला सांगा. उघडल्या उघडल्या बटण दाबा. एकावर थांबू नका, आठ-दहा काढा. पुढे निवडता येतात. आणि सगळ्यात चांगला फोटो कधी येतो माहीत आहे? "झाला" म्हटल्यावर सगळे सैल होऊन हसतात तेव्हा. त्या वेळी फोन खाली ठेवू नका.

आणि तुम्ही कुठे?

आता मुद्द्याचं. एवढं सगळं मांडलं, फोटो काढला, आणि काढणारी कोण? तुम्ही. म्हणजे पुन्हा तुम्ही बाहेरच. नाहीतर तुम्ही आत चुलीपाशी.

होमाई व्यारावाला नावाच्या एक बाई होत्या. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईत. आपल्या देशातल्या पहिल्या महिला छायाचित्र-पत्रकार. साडी नेसून, गळ्यात कॅमेरा घालून दिल्लीत काम करायच्या. स्वातंत्र्याच्या काळातले कितीतरी मोठे प्रसंग त्यांनी टिपले. पण सुरुवातीला त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. पुढे २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. म्हणजे बघा, बाईने काम करायचं आणि कुठे दिसायचं नाही, हे फक्त आपल्याच घरात होतं असं नाही. पण ते बदलताही येतं.

फोनमध्ये टायमर असतो. घड्याळासारखं चित्र असतं, ते दाबून दहा सेकंद निवडा. फोन गव्हाच्या डब्यावर उभा करा, मागे वरवंट्याचा टेकू द्या. डबा स्टुलावर ठेवा म्हणजे उंची मिळते. बटण दाबा आणि चालत जाऊन आपल्या जागी बसा. जागा आधीच ठरवून ठेवा, कडेला नको, मधली ठेवा. पळू नका, अंगण निसरडं असतं! नाहीतर शेजारच्या पोराला बोलवा. घरातलं प्रत्येक माणूस फोटोत आलंच पाहिजे, स्वयंपाक करणारीसुद्धा. दहा मिनिटांनी पोळ्या जळत नाहीत. गॅस बंद करा, चुलीतलं लाकूड मागे ओढा आणि या.

आणखी एक, हे जरा स्पष्ट बोलते. गौरीच्या दिवशी फोटो काढताना घरातली विधवा आई किंवा काकू आपोआप मागे सरकते. कुणी काही म्हणत नाही, तीच सरकते. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी तसं करावं असं सांगितलं. ठराव ग्रामसभेत होतो, पण पाळायचा घरात असतो. तुमच्या घरी ती खुर्ची मध्ये ठेवा आणि तिला हाताला धरून बसवा. ती "नको" म्हणेल. मी काकूंना "बरं" म्हणाले तसं तुम्ही म्हणू नका.

फोटो काढून झाल्यावर

फोन पडतो, भिजतो, चोरीला जातो. फोटो फक्त फोनमध्ये ठेवलेला फोटो राहीलच असं नाही. वर्षातून निदान एक तरी कागदावर काढून घ्या. पोस्टकार्ड साइज म्हणजे चार बाय सहा इंच, तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही स्टुडिओत निघतो. स्टुडिओवाल्याला व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की फोटो बारीक होतो आणि छापल्यावर फुटतो. पाठवताना 'डॉक्युमेंट' निवडून पाठवा, म्हणजे आहे तसाच जातो. मुलाला-मुलीला सांगा, त्यांना येतं.

फोटोमागे मऊ पेन्सिलने नावं लिहा. डावीकडून उजवीकडे, गाव आणि साल. आज तुम्हाला सगळे ओळखू येतात. तीस वर्षांनी तुमची पणती विचारेल, ही मधली कोण? फ्रेम केली तर ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आणि फोटो काचेला थेट चिकटू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी ठेवायला सांगा. पावसाळ्यात काचेला चिकटलेला फोटो निघताना फाटतो.

आणि हो, पोरी-सुनांचे फोटो स्टेटसला ठेवायच्या आधी त्यांना विचारा. फोटो त्यांचाही आहे.

आता मी एक ठराव मांडते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक फोटो आणायचा. कागदावर असेल तर उत्तम, फोनमध्ये असेल तरी चालेल. त्यात घरचे हवेत आणि त्यात तुम्ही हव्यात. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या घरी मी येते, आभाळ भरलेला दिवस बघून. माझ्या दौऱ्यात ते बसतं. कुणी एकट्या राहत असतील तर आपल्या गटाच्या तायांबरोबर फोटो काढू, तेही घरच आहे.

आणि आजच्या बैठकीचा फोटो अजून राहिलाय. पाऊस आता थांबलाय, आभाळ पांढरं झालंय. चला, सगळ्या समाजमंदिराच्या पडवीत या. मागच्या आज्या आधी, खुर्च्यांवर. हात कसलेही असले तरी चालतील. मी टायमर लावते, कारण या वेळी मीही तुमच्यात बसणार आहे.

ठरावाला अनुमोदन कोण देतंय?